किट दिलं, आता जरा शेजारी बसा

या वेळी चार पत्रं घेतलीयत. चारही सेवाभावी काम करणाऱ्यांची किंवा अशा कामातून मदत घेतलेल्या माणसांची आहेत. पहिलं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी त्या वाचकाला फोन केला, अंक छापून यायची वाट बघण्यासारखं ते नव्हतंच. तरी इथे सगळं परत लिहितेय, कारण त्या पत्रातल्यासारखी हिशोबाची वही आज आणखी कुठल्यातरी मंडळात कुणीतरी कुणाच्यातरी हातात देत असेल.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा सांगलीतला ग्रुप २०१९ च्या महापुरात तयार झाला, तीस-पस्तीस पोरं आहोत, २०२१ च्या पुरातपण काम केलं आणि आता वर्षभर सिव्हिलमधल्या पेशंटच्या नातेवाईकांना संध्याकाळचं जेवण देतो. आमच्यातला एक दादा पहिल्या दिवसापासून सगळ्यात पुढे, बोटीतून माणसं काढण्यापासून ते रात्री भांडी घासण्यापर्यंत. गेले दोन महिने तो ग्रुपवर काही बोलत नाही, आला तर कोपऱ्यात बसतो, दाढी वाढलीय, बारीक झालाय. परवा घरी आला आणि हिशोबाची वही, टेम्पोची चावी माझ्या हातात दिली, म्हणाला आता तूच बघ, माझं काय खरं नाही. मी अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणाले अरे त्याला कामाला लाव, कामात असला की मन रमतं. ग्रुपवर एकाने हसत जगा टाइपचा मेसेज टाकला आणि पंचवीस जणांनी हात जोडले. मला काय सुचेना. सरळ विचारायची भीती वाटते, नसेल त्याच्या डोक्यात तर मीच घालायचो.

उत्तर : दादा, मी त्या वहीपाशीच अडकले. माणूस सगळं नीट दुसऱ्याच्या हवाली करायला लागला, देणी-घेणी मिटवायला लागला, आवराआवर करायला लागला की ते साधं घ्यायचं नसतं. त्यात झोप-जेवण बिघडलेलं, माणसांत असून नसल्यासारखं, आणि वर माझं काय खरं नाही हे वाक्य. सांगलीत कुणालाही झोपेतून उठवून विचारा, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, शेंबड्या पोरालापण पाठ असतं, आणि पाणी ४० ला गेलं की तुम्ही धोक्याची वाट बघत बसत नाही, माणसं हलवायला लागता. तर दोन महिन्यांचं गप्प बसणं हा इशारा होता आणि वही हा धोका आहे असं धरून चला. चुकलं तर चुकलं, काही नुकसान नाही.

आजच जा. चार-पाच जण मिळून जाऊ नका, त्याला वाटेल कोर्ट भरलंय. तुम्ही एकटे जा, कारण वही त्याने तुमच्याच हातात दिलीय, तीस जणांतून त्याने तुम्हाला निवडलंय. आणि विचारताना काय रे बरा आहेस ना असं नका विचारू, त्याला बरंय हेच उत्तर येतं, आपण सगळे तेच देतो. सरळ म्हणायचं, तू वही देऊन गेलास तेव्हापासून माझं मन लागेना, तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? हाच शब्द वापरा. आपण विचारल्यामुळे तो विचार डोक्यात जातो ही भीती जवळपास सगळ्यांना असते पण ती खरी नाही, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हेच सांगते आणि माझ्या तीस वर्षांच्या कामात मी हेच पाहिलंय की विचारल्यावर माणूस बहुतेक वेळा मोठा श्वास सोडतो, कारण कुणीतरी पहिल्यांदा ते तोंडाने बोललेलं असतं.

तो हो म्हणाला तर ओरडू नका, शपथा घालू नका, पोरांकडे बघ म्हणू नका. पोरांकडे बघूनच तो इतके दिवस काढत असतो, आणि मी त्यांच्यावर भार झालोय असंही त्याला वाटत असतं. कधीपासून वाटतंय ते विचारा, कसं करायचं हे ठरवलंयस का तेही विचारा. ठरवलं असेल तर त्याला एक मिनिटसुद्धा एकटं सोडायचं नाही. घरात फवारणीचं औषध, गोळ्या, जे काही असेल ते बाहेर काढून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायचं आणि त्याच दिवशी सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायचं, ओपीडी बंद झाली असेल तर कॅज्युअल्टीला न्यायचं. तुम्ही रोज संध्याकाळी जेवण घेऊन त्याच इमारतीत जाता, रस्ता तुम्हाला पाठ आहे. फोन करायचा तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तो नाही म्हणाला तर तुम्ही लावा, शेजारी बसून लावा, स्पीकरवर ठेवा.

कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका. त्यापेक्षा म्हणा, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे म्हणून वहिनीला सांगावं लागेल, चल आपण दोघं मिळून सांगू. ग्रुपवर एक अक्षर टाकायचं नाही, अध्यक्षांनापण त्याला विचारूनच सांगायचं.

आणखी एक, कारण लोक याच्यापायी दवाखान्यात न्यायला उशीर करतात. समजा कुणी प्रयत्न केला तर पोलीस केस होईल, तो आत जाईल, ही भीती सोडा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम असं सांगतं की जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

अध्यक्ष वाईट नाहीत, त्यांना जे येतं ते त्यांनी सांगितलं. पण कामाला लाव हे औषध इथे उलटं पडतं. डिप्रेशन हा आजार आहे, त्यात अंगातलं बळ गेलेलं असतं, साधा फोन उचलणं डोंगराएवढं होतं, अशा माणसाला अजून काम दिलं की ते होत नाही आणि मग आपण कुचकामी आहोत हे त्याला अजूनच पटतं. आणि मला तर शंका आहे की याच्यावर आधीच कामाचं ओझं जास्त झालंय, बोटीतून माणसं काढताना त्याने काय काय पाहिलं हे तुमच्यापैकी कुणी कधी त्याला विचारलंय का? पूर ओसरल्यावर सत्कार झाला असेल, नारळ-शाल दिली असेल, पण बसून विचारलं नसेल.

तो बोललाच नाही तर? तर नुसतं बसा. २०१९ ला झेडपीच्या शाळेतल्या एका छावणीत एक आजोबा होते, तीन ग्रुप येऊन गेले तरी किट घेईनात, सगळे म्हणायले म्हातारं हट्टी आहे. त्यांच्यासमोर एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढलेली कागदं होती, पोरांचे दाखले, सातबारा, रेशनकार्ड, सगळं भिजून एकमेकाला चिकटलेलं. आमच्यातला एक पोरगा किट बाजूला ठेवून शेजारी मांडी घालून बसला आणि चमच्याच्या मागच्या टोकाने एकेक पान सोडवायला लागला. अर्धा तास दोघं काही बोलले नाहीत. मग आजोबा स्वतःहून म्हणाले, म्हशीचं दावं मीच कापलं बाबा, कापलं तेव्हा ती माझ्याकडंच बघत होती. आणि मग रडले, चांगले पोटभर रडले, आणि चहा मागितला. तो पोरगा तिथे काहीच शहाणपणाचं बोलला नव्हता, मीपण नाही.

तुमच्या दादाचे उपचार सुरू झाले की लगेच फरक दिसणार नाही, गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे जातात, त्या काळात कंटाळू नका. वही तुम्हीच सांभाळा पण त्याला सांगा की तुझी जागा आहे तशीच आहे. एखाद्याचा पाय मोडला की आपलं अख्खं मंडळ शहाळी घेऊन दारात उभं राहतं, आणि मनाच्या आजारात मात्र त्याला एकटं राहू दे म्हणून सगळे लांब पळतात. जा की शहाळं घेऊन. एकेक जण जा, वाटून घ्या दिवस.

प्रश्न : ताई, आईच्या वतीने मी लिहितेय. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. बाबांनी जीव दिला त्याला आता तीन वर्षं होतील. शेत आजोबांच्या नावावर आणि कर्ज सावकाराचं म्हणून सरकारी मदतीसाठीची आमची केस अपात्र झाली. मागच्या वर्षी एका संस्थेने आईला शिलाई मशीन दिली. मोठा कार्यक्रम होता, अकरा बायकांना स्टेजवर उभं केलं, मागे बॅनरवर आत्महत्याग्रस्त कुटुंबातील महिला असं मोठ्या अक्षरात, आणि तो फोटो माझ्या कॉलेजच्या ग्रुपवरपण फिरला. तेव्हापासून आई मशीनला हात लावत नाही, चादर टाकून ठेवलीय. ती एवढंच म्हणते, "मले मशीन देल्ली, पन माह्यासंगं कोनी बोललंच नाही." काकू म्हणते उपकाराची जाण नाही. मी त्या संस्थेला काय लिहू? आणि आईला बोलतं कसं करू?

उत्तर : बाळा, तुझ्या आईने एका ओळीत जे सांगितलं ते मी सभांमधून तासभर बोलून सांगू शकत नाही. तिला कृतघ्न म्हणणाऱ्यांचं अजिबात मनावर घेऊ नकोस. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे असं आपण म्हणतो आणि सोडून देतो, पण खरंच त्या वंशाला गेल्यासारखं बघायचं तर काय दिसतं, की नवरा गेल्यापासून त्या बाईची ओळखच तेवढी उरली. तलाठ्याकडे, बँकेत, स्टेजवर, सगळीकडे ती त्या एका दिवसाचीच बाई. मदतीचे सरकारी १ लाख, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, ते मिळणं-न मिळणं हा पैशाचा भाग झाला, पण अपात्र हा शब्द बघ. फायलीत तो शब्द केसला लावलेला असतो, घरात मात्र तो बाईला येऊन चिकटतो. जसं काही तिचं दुःखच पात्र नव्हतं.

अशा मरणाच्या मागे राहिलेल्या माणसांचं दुःख वेगळंच असतं, त्यात राग असतो गेलेल्या माणसावरचा, त्याची लाज वाटते, मी त्या दिवशी माहेरी गेले नसते तर, मी तसं बोलले नसते तर, हे रात्रंदिवस चालू असतं, आणि गाव तोंडावर नाही तरी पाठीमागे तेच विचारतं. तेरावं झालं की नातेवाईक पांगतात आणि घरात त्या माणसाचं नाव घेणं बंद होतं. तुमच्याकडे झालंय का असं? झालं असेल तर तिथून सुरू कर. मशीनचा विषयच काढू नकोस. बाबांचा काढ. त्यांना भाकरी कशाबरोबर आवडायची, तुझं नाव कुणी ठेवलं, बैलाला काय म्हणून हाक मारायचे. आई रडेल, तूपण रडशील, रडू दे. तुझेपण वडीलच गेलेत ना गं, तू पत्रात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली नाहीस.

आईला तिच्यासारख्या बायांची सोबत लागेल. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे व्यसनी माणसांच्या बायकांचा सहचरी नावाचा गट चालतो, त्यात बायका एकमेकींना सांगतात आणि ऐकतात, ज्या सोसून बाहेर आल्यात त्या नवीन आलेलीचा हात धरतात. त्या स्टेजवरच्या अकराजणींपैकी जवळच्या गावातल्या दोघी-तिघी शोध, कुणाच्या तरी ओसरीवर महिन्यातून एकदा बसा, बॅनर नको, पाहुणे नकोत. तुमच्याकडे प्रेरणा प्रकल्पपण आहे, शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी कार्यक्रम, विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेला, गावच्या आशाताईला विचार, ती पुढे जोडून देईल. झोप नसेल, जेवण तुटलं असेल, जगायची इच्छा नाही असं बोलत असेल तर मात्र वाट न बघता जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, आणि हेच तुझ्या बाबतीतही.

संस्थेला पत्र जरूर लिही, भांडण म्हणून नाही. लिही की मशीनबद्दल आभार आहेत, पण फोटो काढण्याआधी आईला विचारलं नव्हतं, तो काढून टाका, आणि पुढच्या कार्यक्रमात बॅनरवर ते शब्द नकोत. आणि एखाद्या ताईला आईकडे पाठवा, हातात काही न घेता, नुसती भेटायला. चांगली माणसं असतील तर येतील. मला वाटतं येतील.

प्रश्न : मी एकवीस वर्षांची आहे, परळ-दादर भागात कॅन्सर पेशंटच्या मुलांना शनिवार-रविवार शिकवते, खेळ घेते. एक छोटा मुलगा होता, मला बघितलं की पळत यायचा, तो दोन आठवड्यांपूर्वी गेला. मला जेवण जात नाही, ट्रेनमध्ये अचानक रडू येतं. सिनियर म्हणतात एवढं मनाला लावून घेतलंस तर हे काम जमणार नाही. खरंच मी या कामाला कमी पडते का?

उत्तर : नाही बाळा. तो तुझ्याकडे पळत यायचा, त्याच्यासाठी दोन आठवडे जेवण न जाणं यात कमी पडण्यासारखं काय आहे. टाटा हॉस्पिटलच्या बाहेरच्या फुटपाथवर, दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत, कुठून कुठून बिहार-बंगालहून आलेली माणसं दिवस काढत असतात, तिथे जाऊन मनाला काही लागू न देता परत येता आलं असतं तर त्या मुलांना तू आवडली नसतीस.

एक चूक सांगते माझी. पुराच्या कामात एक मुलगी होती तुझ्याच वयाची, एका आईबरोबर तिने सबंध रात्र काढली होती. सकाळी भेटली तर मी तिच्या पाठीवर हात मारून म्हटलं किती खंबीर आहेस गं तू. मला कौतुक करायचं होतं. ती हसली आणि दुसऱ्या दिवसापासून यायचीच बंद झाली. पुढे वर्षभराने भेटली तेव्हा म्हणाली, ताई तुम्ही खंबीर म्हणालात ना, मग मला रडायला जागाच राहिली नाही. तेव्हापासून मी कुणाला खंबीर म्हणत नाही.

दुसऱ्यांचं दुःख झेलून झेलून येणारा थकवा खरा असतो, डॉक्टर-नर्सनापण येतो. दोन-तीन शनिवार सुट्टी घे, अपराधी वाटून घेऊ नकोस. सिनियरना सांग की दर रविवारी काम संपल्यावर घरी पळायच्या आधी वीस मिनिटं गोल बसू, आज काय जड गेलं ते ज्याला सांगायचंय त्याने सांगायचं, बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. आणि त्या मुलाच्या नावाने काहीतरी करा तुम्ही सगळी मुलं मिळून, त्याचं चित्र असेल तर लावा भिंतीवर. बाकीच्या मुलांनापण कळलेलं असतं, तीपण कुणी काही बोलेल म्हणून वाट बघतायत. महिनाभराने हेच चालू राहिलं, कॉलेज-झोप-जेवण सगळंच बिघडलं तर मात्र डॉक्टरांकडे किंवा काउन्सिलरकडे जा.

प्रश्न : आमचा अन्नदानाचा ट्रस्ट आहे. जेवायला येणाऱ्यांत खूप जण टेन्शनमधले दिसतात. दोन कार्यकर्त्यांनी तीन दिवसांचा कोर्स केलाय. मोफत समुपदेशन केंद्र असा बोर्ड लावावा का?

उत्तर : बोर्ड नको. तीन दिवसांत समुपदेशक होत नाही, आणि बोर्ड वाचून फार खोल जखम घेऊन कुणी आलं तर तुमचे कार्यकर्ते आणि तो माणूस दोघंही अडचणीत येतील. पण ऐकायची जागा जरूर करा, ती फार ठिकाणी नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा मोठ्या माणसांमागे साधारण एकाला काही ना काही मानसिक त्रास आढळला होता आणि त्यातल्या बहुतेकांना उपचारच मिळत नव्हते, म्हणजे तुमच्या पंगतीत दहाला एक धरा. जागतिक आरोग्य संघटनेने संकटातल्या माणसाला द्यायच्या मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं सांगितलीयत, पाहा, ऐका, जोडा. तुमच्या दोघांनी एवढंच करायचं. पंगतीत कोण जेवत नाहीये ते पाहायचं, बोलला तर ऐकायचं, आणि त्याला डॉक्टरांशी, १४४१६ शी, घरच्या एखाद्या माणसाशी जोडून द्यायचं, फक्त नंबर हातात न देता पहिल्या वेळी सोबत जायचं. आठवड्याला एखाद्या अनुभवी समुपदेशकाबरोबर त्या दोघांची बैठक ठेवा, म्हणजे त्यांचंपण कुणी ऐकेल. ऐकलेलं बाहेर जाता कामा नये, ट्रस्टींपर्यंतसुद्धा.

जागा म्हणाल तर भांडी घासतात तिथला मागचा ओटा चालेल, दोन खुर्च्या जरा तिरक्या ठेवा म्हणजे सारखं तोंडाकडे बघत बसावं लागत नाही, पाण्याचा तांब्या ठेवा. आणि देणगीच्या पावत्या फाडायचं टेबल तिथे असेल तर ते आधी हलवा.